पाण्यासारखं दिसतं म्हणून पाणी नव्हे

(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी ताईंनीच ते लिहून दिलं आहे.)

तायांनो, मावश्यांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो!

आज विषयपत्रिकेवर बँक जोडणी आहे, थकीत हप्ते आहेत, मला माहीत आहे. पण त्याआधी अर्धा तास मी अध्यक्षताईंकडून मागून घेतलाय. कशासाठी, ते आधी सांगते. त्यात माझीच फजिती आहे.

मागच्या महिन्यात मी मुरबाडकडच्या एका गावात गृहभेटीला गेले होते. दुपारचे दोन वाजले होते, एसटी चुकलेली, फाट्यापासून चालत आलेले. घशाला नुसती कोरड. ओट्यावर पाण्याची बाटली दिसली, दुकानात मिळते ना, तसली. घरातल्या काकू आत होत्या. आपलंच घर म्हणून मी बाटली उचलली, झाकण फिरवलं, तोंडाजवळ नेली. तेवढ्यात काकू आतून ओरडत आल्या, "ओ मॅडम, ठेवा ती! पाणी नाय ते, यांचं पॉलिशचं हाय!"

काका सुतारकाम करतात. चपडा विरघळवायला त्यांनी मोठ्या कॅनमधलं स्पिरिट त्या बाटलीत ओतून आणलं होतं. नंतर मी तो मोठा कॅन बघितला. त्यावर कवटीचं चित्र होतं, आणि आत काय काय आहे त्या यादीत एक नाव होतं, मिथेनॉल.

बघा, मी समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी. सुरक्षिततेवर मी तुमच्यासमोर सत्रं घेतलीत. आणि एक घोट घ्यायची मी बाकी होते. मग आपल्या घरातलं चार वर्षांचं पोर काय करेल? त्या दिवसापासून मी या मिथेनॉलबद्दल वाचायला लागले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

मिथेनॉल म्हणजे काय?

मीठ पाण्यात विरघळतं. पण नखाला लावलेलं नेलपॉलिश पाण्याने निघतं का? नाही. त्याला वेगळं द्रव लागतं. रंग, लाख, गोंद, औषधांतले घटक अशा पाण्याला दाद न देणाऱ्या वस्तू विरघळवायला कारखान्यात जी द्रवं वापरतात त्यांना सॉल्व्हंट म्हणतात. मिथेनॉल हे त्यातलंच एक, आणि फार मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं. पूर्वी ते बंद भांड्यात लाकूड तापवून, त्याची वाफ गार करून काढायचे, म्हणून त्याला लाकडी स्पिरिटही म्हणत. आता ते मुख्यतः नैसर्गिक वायूपासून आणि कोळशापासून करतात.

आणि ते वाईटच आहे असं नाही बरं का. त्याच्यापासून फॉर्मालिन होतं, फॉर्मालिनपासून प्लायवूड चिकटवायचा गोंद होतो. तुमच्या घरातल्या कपाटाच्या फळीत कुठेतरी त्याचा हात आहे. रंग, थिनर, औषधं, बायोडिझेल, सगळीकडे ते लागतं. कारखान्यात, बंद टाकीत, माहितगार माणसाच्या हाताखाली ते कामाची वस्तू आहे. आपल्या ओट्यावर मात्र ते विष आहे.

त्याचा मोठा दोष असा की ते ओळखू येत नाही. पाण्यासारखं नितळ. वास साध्या दारूसारखा, थोडा गोडसर. पाण्यात घाला, पूर्ण मिसळतं. दारूत घाला, पूर्ण मिसळतं. वर तवंग येत नाही, खाली गाळ बसत नाही. कुणी म्हणतं चमच्यात घेऊन पेटवून बघा, कुणी म्हणतं जिभेला लावून बघा. यातली एकही परीक्षा खरी नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं.

दारूत जे अल्कोहोल असतं त्याचं नाव इथेनॉल. आणि हे मिथेनॉल. दोघं चुलत भाऊ, नावात एका अक्षराचा फरक. इंग्रजीत इथेनॉलचं पहिलं अक्षर तीन दातांच्या फणीसारखं असतं, ई. मिथेनॉलचं पहिलं अक्षर दोन डोंगर शेजारी शेजारी असल्यासारखं असतं, एम. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही एवढं लक्षात ठेवा: दोन डोंगर दिसले की लांब. एम म्हणजे मरण.

पोटात गेलं की काय होतं?

शुद्ध मिथेनॉल दहा मिलीलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, एवढ्यानेही माणसाची नजर जाऊ शकते. तीस मिलीलिटरने जीव जाऊ शकतो.

पण ते लगेच मारत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. पिल्यावर आधी फक्त नशा येते, नेहमीच्या दारूसारखीच. माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो. तोवर आपलं लिव्हर, म्हणजे यकृत, हळूहळू त्या मिथेनॉलचं रूपांतर करत असतं. त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं आणि मग फॉर्मिक आम्ल. लाल मुंगी चावली की आग होते ना, तिच्या विषात असतं तेच हे आम्ल. ते रक्तात साठत जातं, आणि त्याचा पहिला मार बसतो डोळ्यांच्या नसेवर.

याला साधारण बारा ते चोवीस तास लागतात. सोबत खरी दारूही प्यायलेली असेल तर आणखी जास्त, कारण यकृत आधी इथेनॉलचं काम उरकतं आणि मग मिथेनॉलला हात लावतं. म्हणून सकाळी उठून माणूस म्हणतो, "काल जरा जास्त झाली." डोकं दुखतं, उलट्या होतात, पोटात कळा येतात. आपणही म्हणतो, उतरली नाही अजून, पडू दे. लिंबूपाणी देतो. मग तो म्हणतो, समोर पांढरं पांढरं दिसतंय, धुकं आल्यासारखं. श्वास जोरजोरात, खोल चालतो. तिथून पुढे फार वेळ उरलेला नसतो.

मालवणीत काय झालं?

ही लांबची गोष्ट नाही. जून २०१५. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात, लक्ष्मीनगर वस्तीत, गरिबांच्या वस्तीतली स्वस्त दारू. तीत मिथेनॉल होतं. संध्याकाळी प्यायलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकामागोमाग एक कोसळायला लागली. शंभराहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी गेली. कमावणारी माणसं होती ती. त्यांच्यामागे राहिल्या त्या आपल्यासारख्याच बायका, धुणीभांडी करणाऱ्या, पोरं शाळेत असलेल्या.

खटला नऊ वर्षं चालला. २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौदांपैकी चौघांना दोषी धरलं, दहा जण सुटले. न्यायाला नऊ वर्षं लागली. जीव वाचवायला हातात होते फक्त काही तास.

त्याआधी २००४ मध्ये मुंबईतच, विक्रोळीत, असंच झालं होतं. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या गुजरातेत, बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत, चाळीसहून जास्त माणसं गेली. तिथे तर कारखान्यातलं मिथेनॉल चोरून थेट पिशव्यांत भरून विकलं होतं. जून २०२४ मध्ये तमिळनाडूत कल्लकुरिचीला साठाहून जास्त गेली. राज्यं वेगळी, भाषा वेगळी, विष तेच. विकणारा ते मिसळतो कारण ते स्वस्त पडतं आणि दारू कडक लागते.

आपल्याकडे कुठून येईल?

आता तुम्ही म्हणाल, मालवणी कुठे, शहापूर-मुरबाड कुठे. तर बघा.

पहिला रस्ता, पिंपाचा. भातसा आपल्याकडे, तानसा आपल्याकडे, आणि एप्रिल-मे लागला की आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट. टँकर आला की साठवायला भांडं हवं. म्हणून दारोदार निळी पिंपं. ती येतात कुठून? भंगारवाल्याकडून. आधी त्यात काय होतं? ते त्यालाही माहीत नसतं. आपण दोनदा साबणाने धुतो, वास गेला की पाणी भरतो. मिथेनॉल पाण्याने निघून जाईल एक वेळ, पण त्यात आधी काय काय होतं, आणि प्लास्टिकमध्ये किती मुरलंय, हे धुऊन कळत नाही. रसायनाचं पिंप पिण्याच्या पाण्याला कधीच वापरायचं नाही. आंघोळीच्या, गुरांच्याही नाही. समूहाने एकत्र मिळून अन्नपाण्यासाठी बनवलेल्या नव्या टाक्या घेतल्या तर भाव कमी करून मागता येतो. आणि अंतर्गत कर्जाला याहून चांगलं कारण मला तरी दिसत नाही.

पत्र्याच्या पिंपाचा धोका वेगळा. चूल करायला, टाकी करायला आपण ते गॅस कटरने कापून घेतो. रिकामं म्हणजे सुरक्षित असं वाटतं ना? उलट आहे. आत थेंबभर जरी राहिलं तरी त्याची वाफ भरून असते, आणि ठिणगी पडली की पिंप बॉम्बसारखं फुटतं. मिथेनॉलची वाफ साधारण अकरा-बारा अंश तापमानापासूनच पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चाळीस असतं. आणि त्याची ज्योत फिकट निळी, भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. विझली समजून माणूस जवळ जातो आणि भाजतो.

दुसरा रस्ता, कंपनीचा. आपल्यातल्या कितीतरी जणी मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगावकडच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात. साफसफाई, पॅकिंग, बाटल्या पुसणं. "त्या कॅनमधलं घे आणि पूस" एवढंच सांगितलं जातं. मिथेनॉल कातडीतूनही आत जातं, वाफेतूनही जातं. साधे पातळ हातमोजे पुरे पडत नाहीत. काम करताना डोकं जड होत असेल, चक्कर येत असेल, बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटत असेल, तर ते "बाईमाणसाचं अशक्तपण" नाही. सुपरवायझरला विचारा: यात काय आहे, आणि याचं माहितीपत्रक कुठे आहे? ही माहिती मागणं हा कामगाराचा कायद्यातला हक्क आहे. एकटीने विचारायला भीती वाटते तर पाच जणींनी मिळून विचारा. तिथून कॅन, बाटली, उरलेलं "स्पिरिट" घरी आणू नका, फुकट मिळालं तरी.

तिसरा रस्ता म्हणजे खराखुरा रस्ता. नाशिक महामार्गावर, कसाऱ्याच्या घाटात, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर रसायनाचे टँकर सारखे चालू असतात. टँकर उलटला की आपली माणसं कॅन-बादल्या घेऊन धावतात. टँकरवर एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. मिथेनॉलचा नंबर १२३०. पण नंबर वाचायला जवळ जाऊ नका. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, लांब थांबा, विडी-काडी विझवा, मोबाइलही लांबूनच लावा, आणि ११२ ला कळवा.

चौथा रस्ता, आपल्याच उद्योगाचा. कोविडच्या काळात महिला समूहांनी सॅनिटायझर केले, आपल्याला अभिमान आहे त्याचा. आता कुणी हँडवॉश करतंय, कुणी अत्तर, कुणी फिनेल. कच्चा माल घेताना "स्पिरिट" एवढं नाव पुरेसं नाही. इथाइल की मिथाइल, हे विचारायचं. बिल घ्यायचं. बंद डबा, छापील लेबल, नाहीतर माल परत. अंगाला लागणाऱ्या वस्तूत मिथेनॉल चालत नाही.

आणि पाचवा रस्ता तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी मोटारसायकलवर कॅन बांधून जो येतो, तो.

तुम्ही विचारलेले प्रश्न

मी इथवर आले तेव्हा एका आजीने हात वर केला. "पोरी, माझा बाप मोहाची प्यायचा, सासरा प्यायचा. कोणी आंधळा नाय झाला. मग आताच कसा?"

आजी, प्रश्न बरोबर आहे. मोह, गूळ आंबवून जे होतं ते मुख्यतः इथेनॉल. त्यानेही संसार बुडतात, ते वेगळं सांगायला नको. पण अशा ठिकाणी शंभर माणसं मेली ती कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळे. तुमच्या वडिलांच्या वेळी दारू पाड्यावर निघायची. आता येते ती कुठल्या कॅनमधून येते, पिणाऱ्याला माहीत नाही, आणि बऱ्याचदा विकणाऱ्यालाही नाही. काल प्यायली आणि काही झालं नाही, म्हणून आजचीही तशीच असेल असं नाही.

दुसरा प्रश्न एका ताईने विचारला, आणि तो फार महत्त्वाचा आहे. "दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल. घरच्या माणसाला अडकवू का मी?"

ताई, मी खोटं सांगणार नाही. पोलीस येतील, विचारतील. पण डॉक्टरचं पहिलं काम उपचार आहे, ते कुणी थांबवू शकत नाही. आणि लपवल्यामुळे काय होतं ते ऐका. आपण सांगतो, "जेवण बाधलं असेल." डॉक्टर जेवण बाधल्याचं औषध देतात. त्यात चार तास जातात. त्या चार तासांत डोळे जातात. यावर औषध आहे. रक्तातलं आम्ल कमी करता येतं, मिथेनॉलचं विष होऊ नये म्हणून औषध देता येतं, डायलिसिसने रक्त साफ करता येतं. वेळेत पोचला तर माणूस वाचतो, नजरही वाचू शकते. पण डॉक्टरला कळायला तर हवं.

आणखी एक. आपण खरं सांगितलं तर त्याच ठिकाणी प्यायलेले बाकीचे लोक शोधता येतात. ते अजून घरी झोपलेले असतात, आपल्याला काही झालं नाही असं समजून. तुमच्या एका वाक्याने शेजारणीचा नवराही वाचेल.

तिसरी म्हणाली, "यावर दारूच औषध असतं म्हणतात, खरं का?" अर्धं खरं आहे, म्हणूनच धोक्याचं. यकृत आधी इथेनॉलला हात लावतं असं मी म्हटलं ना, त्याचा उपयोग करून डॉक्टर काही वेळा मोजून इथेनॉल देतात. रक्त तपासत, रुग्णालयात. घरी आणखी एक पेला पाजायचा नाही. कोणती दारू पाजताय, तेच कुठे माहीत आहे आपल्याला?

वेळ आली तर काय करायचं?

हे भिंतीवर लिहून ठेवा.

पोटात गेल्याचा संशय आला, तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल तर मिळेल त्या गाडीने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथे उपचार सुरू होतात, आणि डायलिसिस लागलं तर पुढे कुठे न्यायचं ते तेच सांगतात. मुद्दाम उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी, ताक, लिंबू पाजत बसू नका. शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

रुग्णालयात तीन गोष्टी सांगा: काय आणि कुठे प्यायलं, किती वाजता, आणि सोबत कोण होतं. बाटली किंवा पिशवी उरली असेल तर सोबत न्या.

अंगावर सांडलं तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तरी पंधरा मिनिटं धुवायचं आणि मग दवाखाना. लाज बाळगू नका. टँकरचं पाणी आहे म्हणून काटकसरही करू नका, त्या वेळी शेजारणीचा हंडा उचला.

समूहाने काय ठरवायचं?

भाषण ऐकून घरी गेलो, विसरलो, असं नको. पुढच्या साप्ताहिक बैठकीत चार ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा.

एक, प्रत्येकीने आपल्या घरातली पिंपं आणि कॅन बघायचे. लेबलवर कवटी, ज्वाला किंवा दोन डोंगरवालं अक्षर दिसलं की ते पाण्याला बंद.

दोन, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पाण्याशिवाय काही भरायचं नाही. पॉलिशचं स्पिरिट, थिनर, रॉकेल, फवारणीचं औषध, काहीच नाही. ते मूळ डब्यात, उंच फळीवर, कुलपात.

तीन, १०८ आणि ११२ हे नंबर समूहाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे, आणि रात्री गाडी देईल अशा गावातल्या दोघांचे नंबर त्याखाली.

चार, गावात बाहेरून कॅनने दारू येत असेल तर ग्रामसंघाने लेखी अर्ज करायचा, पोलीस ठाण्याला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला, आणि पोच घ्यायची. परवाना असलेल्या दुकानासाठी आडव्या बाटलीचं मतदान लागतं. हातभट्टीला मतदान लागत नाही, ती मुळातच बेकायदा आहे. एकीने जाऊ नका, सगळ्या मिळून जा.

त्या काकूंकडे मी परवा पुन्हा गेले होते. बाटली ओट्यावर नव्हती. काकांनी स्पिरिट मूळ कॅनमध्येच ठेवलंय, वरच्या फळीवर, आणि कॅनवर कोळशाने मोठ्ठे दोन डोंगर काढलेत. काकूंनी मला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "घ्या मॅडम, हे पाणीच हाय. मी पिऊन बघितलंय."

एवढंच सांगायचं होतं. आता हप्त्यांकडे वळू या.